शेतातलं हवामान केंद्र ऐन पावसाळ्यातच बंद का पडतं? बॅटरीची तपासणी, निवड आणि बदल

सांगोला, पंढरपूर, मोहोळ, उत्तर सोलापूर या पट्ट्यातल्या डाळिंब आणि द्राक्षबागांत आता खासगी हवामान केंद्रं बरीच दिसतात. त्यांची एक तक्रार ठरलेली असते. उन्हाळाभर केंद्र सुरळीत चालतं आणि आभाळ भरून आलं, दोन-तीन दिवस रिपरिप लागली की मोबाइलवर आकडे यायचे बंद होतात. "दादा, मागच्याच वर्षी नवी बॅटरी टाकली होती, परत बसली बघा," असा फोन जुलै-ऑगस्टमध्ये येतोच. मग बॅटरी बदलली जाते, केंद्र सुरू होतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यात नुकसान फक्त बॅटरीच्या पैशाचं नसतं. पान किती तास ओलं राहिलं, रात्रीची आर्द्रता किती होती, पाऊस किती मिलिमीटर झाला हे आकडे ज्या आठवड्यात हवेत, त्याच आठवड्यात केंद्र गप्प होतं. द्राक्षात डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी आज घ्यायची की दोन दिवस थांबायचं, डाळिंबात तेल्याला, म्हणजे तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगाला, पोषक वातावरण झालंय का, हे ठरवायलाच तर केंद्र बसवलेलं असतं.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे बॅटरी पावसाळ्यात मरत नाही. ती एप्रिल-मेमध्ये मरते, पावसाळ्यात फक्त उघडकीला येते. हे लक्षात आलं की कोणती बॅटरी घ्यायची, कुठे ठेवायची आणि कधी बदलायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बदलतात.

उन्हाळ्यात नेमकं काय होतं

बऱ्याच केंद्रांत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तीच. तिच्यावर छापलेलं आयुष्य २० ते २५ अंश तापमानाला धरलेलं असतं. त्यापुढे साधारण दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं, असा लेड-अ‍ॅसिडचा ढोबळ नियम आहे. सोलापुरात मे महिन्यात सावलीतलाच पारा ४२-४३ ला जातो. खांबावरची राखाडी पेटी दुपारभर उन्हात असेल तर आतलं तापमान पन्नाशी सहज ओलांडतं. आतल्या शिशाच्या जाळ्या भराभर गंजतात, इलेक्ट्रोलाइटमधलं पाणी व्हॉल्व्हवाटे उडून जातं आणि बॅटरी आतून कोरडी पडते. ही बॅटरी उघडून पाणी घालायची सोय नसते, त्यामुळे गेलेलं पाणी परत येत नाही.

त्यात भर चार्जिंगची. उष्णता वाढेल तसा चार्जिंगचा व्होल्टेज कमी करावा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशामागे साधारण २० मिलिव्होल्ट, म्हणजे ४५ अंशांना जवळजवळ ०.४ व्होल्ट. पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या स्वस्तातल्या सोलर चार्ज कंट्रोलरला ही अक्कल नसते. तो मेच्या दुपारीही डिसेंबरसारखाच १४.४ व्होल्ट देत राहतो आणि आधीच तापलेली बॅटरी ओव्हरचार्ज होते.

मग मेमध्ये हे कळत कसं नाही? एक हिशोब मांडून बघू. समजा केंद्र मोडेमसकट (मोबाइल नेटवर्कवरून आकडे पाठवणारा भाग) सरासरी ४० मिलिअँपिअर खातं. रात्रीच्या बारा तासांत जेमतेम अर्धा अँपिअर-तास लागतो. बॅटरीची ताकद ७ वरून दीडवर आली तरी रात्र निभावते, आणि सकाळी कडक ऊन तिला पुन्हा भरून टाकतं. जुलैमध्ये ढग येतात, दोन दिवस पॅनेल नीट भरत नाही आणि चोवीस तासांना लागणारा एक अँपिअर-तास या मेलेल्या बॅटरीतून निघेनासा होतो.

बॅटरी आणायच्या आधी मोजा

जवळपास प्रत्येक केंद्र तापमान-आर्द्रतेबरोबर स्वतःच्या बॅटरीचा व्होल्टेजही पाठवतं. अ‍ॅपमध्ये तो रकाना असतो, पण कोणी उघडून बघत नाही. गेल्या पंधरा दिवसांचा आलेख काढा आणि पहाटे पाच-साडेपाचचा आकडा बघा. सूर्य उगवायच्या आधीचा हा दिवसातला सगळ्यात कमी व्होल्टेज असतो आणि खरी हकिकत तोच सांगतो. दुपारी बारा वाजता १३.८ दिसला म्हणून हरखून जायचं कारण नाही. तो पॅनेलचा व्होल्टेज आहे, बॅटरीचा नव्हे.

पहाटेचा आकडा दिवसागणिक थोडा थोडा उतरत असेल, १२.६, १२.५, १२.३ असा, तर बॅटरीवर ठपका ठेवू नका. आवक कमी आणि जावक जास्त आहे. पॅनेल, सावली, वायर किंवा मोडेम बघा. संध्याकाळी व्होल्टेज चांगला आणि रात्री दहापर्यंत एकदम ११.५ च्या खाली, सकाळी ऊन आलं की केंद्र आपोआप सुरू, असं असेल तर बॅटरी थकली आहे. आणि व्होल्टेज एरवी ठीक असून फक्त डेटा पाठवायच्या वेळी केंद्र रीस्टार्ट होत असेल, तर सैल किंवा गंजलेली पिन, बारीक वायर, नाहीतर आतला रोध वाढलेली बॅटरी. टू-जी मोडेम सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत खेचतो. तेवढ्या झटक्याला सैल पिन तग धरत नाही.

मोडेमबद्दल एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. रेंज कमकुवत असेल तर मोडेम जास्त ताकदीने आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. टॉवर बंद पडला, सिमचा रिचार्ज संपला तरी तो नेटवर्क शोधत बसतो आणि बॅटरी खातो. बॅटरी बदलून चार दिवसांत परत उतरली तर आधी सिमची मुदत तपासा. शक्य असेल तिथे दहा मिनिटांऐवजी अर्ध्या तासाने डेटा पाठवायचं सेटिंग ठेवा. नोंद दहा मिनिटांचीच ठेवली तरी चालते, पाठवायचं तेवढं एकत्र.

पेटीपाशी गेल्यावर पॅनेल सोडवून बॅटरीला तास-दोन तास नुसतं ठेवा आणि मल्टिमीटर लावा. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. पण नुसत्या व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका. कोरडी पडलेली बॅटरीही विनाभार १२.६ दाखवते. पूर्ण भरलेल्या बॅटरीला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब जोडा. चांगली बॅटरी अर्ध्या तासानंतरही १२ च्या वर असते. मेलेली काही मिनिटांतच ११ च्या खाली घसरते आणि बल्ब डोळ्यांदेखत पिवळा पडत जातो. इतक्या स्वस्तात याहून चांगली परीक्षा नाही.

पॅनेल पुसा, पण कसं

बागेतल्या पॅनेलवर नुसती धूळ नसते. डाळिंबावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारताना ब्लोअरचे तुषार खांबापर्यंत येतात आणि काचेवर निळसर-पांढरा पातळ थर बसतो. त्यावर गंधकाची पावडर, शेजारच्या फडात पाचट पेटवलं की काजळी, ज्वारीच्या मळणीचा भुसा आणि पक्ष्यांची विष्ठा. नुसत्या पावसाने हा थर जात नाही. आणि छोट्या पॅनेलमध्ये सगळे सेल एकाच माळेत असतात, त्यामुळे एका सेलवर विष्ठेचा मोठा डाग पडला तरी सगळ्या पॅनेलचा करंट खाली येतो.

सकाळी पॅनेल गार असताना मऊ फडक्याने धुवा. बोअरचं क्षारयुक्त पाणी तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग पडतात, तेव्हा शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. फवारणीच्या दिवशी पॅनेलवर गोणपाट टाकून ठेवला आणि संध्याकाळी काढला, तर हे काम निम्मं होतं.

सावलीचाही विचार पावसाळ्याच्या हिशोबाने करा. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १७.७ अंश अक्षांशावर आहे. जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो आणि दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. हिवाळ्यात केंद्र बसवताना निरुपद्रवी वाटलेली उत्तरेकडची बाभूळ किंवा शेवरी पावसाळ्यात सकाळचं तेवढं कोवळं ऊनही अडवते. तिची एक फांदी तोडणं नव्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडतं.

मोठी बॅटरी की मोठं पॅनेल?

इथे माझं मत ठाम आहे : आधी पॅनेल मोठं करा. १० वॅटचं पॅनेल स्वच्छ दिवशी अडीच अँपिअर-तासांच्या आसपास देतं, पण दाट ढगांत त्याच्या दहा-वीस टक्केच, म्हणजे पाव ते अर्धा. केंद्राला रोज एक लागतो. रोज अर्ध्या-पाऊणचा खड्डा पडला तर ७ अँपिअर-तासाची बॅटरी, अर्धीच वापरायची असं धरलं तर, पाच-सात दिवसांत तळाला लागते. बॅटरी १२ अँपिअर-तासाची केली तर तोच खड्डा थोडा उशिरा दिसतो, बुजत नाही. पॅनेल २० वॅटचं केलं तर ढगाळ दिवशीही रोजचा खर्च बहुतेक भागतो. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते निराळंच. तिला भरलेलं ठेवणं हेच तिचं औषध आहे.

कंट्रोलरचं एक सेटिंग जरूर बघा. बॅटरी किती व्होल्टला आली की भार तोडायचा, हा आकडा अनेक स्वस्त कंट्रोलरमध्ये कारखान्यातूनच १०.७ वर ठेवलेला असतो. केंद्रासारख्या हलक्या भाराला १०.७ म्हणजे बॅटरी पार पिळून काढणं. तो ११.८ करा. केंद्र काही तास आधी बंद होईल, पण बॅटरी वाचेल. आणि केंद्राची वायर कंट्रोलरच्या लोडच्या टर्मिनलला आहे की परस्पर बॅटरीला, हेही पाहा. परस्पर असेल तर हे सेटिंग असून नसल्यासारखंच.

कोणती घ्यावी

लेड-अ‍ॅसिडच घ्यायची तर यूपीएस-सोलरच्या वापराची घ्या, मोटरसायकलची नको. गाडीची बॅटरी क्षणभर जोराचा करंट द्यायला बनवलेली असते, रोज हळूहळू उतरून भरायला नाही. सोलापूरच्या नवी पेठेत दुकानात उभे असतानाच मल्टिमीटर लावून बघा आणि उत्पादनाची तारीख वाचा. सहा महिन्यांहून जास्त काळ फळीवर पडून राहिलेली, १२.५ च्या खाली दाखवणारी बॅटरी कितीही सवलत मिळाली तरी घेऊ नका.

लिथियम फेरो फॉस्फेटची १२.८ व्होल्टची बॅटरी महाग पडते, पण आपल्या भागासाठी मी तिच्याच बाजूने आहे. ती भरण्या-उतरण्याची दोन हजारांच्या घरात चक्रं सहज काढते, अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही आणि वजनाला हलकी असते. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कंट्रोलरमध्ये लिथियम फॉस्फेटचा पर्याय हवा. चार्जिंगच्या तापमानाची मर्यादा उत्पादकानुसार साधारण ४५ ते ५५ अंश असते, म्हणून पेटी सावलीत हवीच. आणि तिचा व्होल्टेज बराच काळ एका जागी टिकून शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे व्होल्टेज बघून शिल्लक किती ते कळत नाही. ती पूर्ण उतरली की आतलं संरक्षण सर्किट तिला तोडतं आणि मल्टिमीटर शून्य दाखवतो. बॅटरी मेली म्हणून कोणी फेकून देतात. तसं नसतं. लिथियमच्या चार्जरवर लावली की बहुधा ती जागी होते.

काही लहान केंद्रांत १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल असतो. हा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि आपला मे महिना तर त्याच्या पुढेच असतो. या मापाच्या सेलची खरी क्षमता जास्तीत जास्त ३५०० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास असते. ९९०० छापलेला सेल दिसला तर तो नक्की खोटा आहे. फुगलेला सेल दाबू नका, टोचू नका, परत चार्जही करू नका.

पेन्सिल सेलवर चालणारी घरगुती केंद्रं

यांचा बाहेरचा सेन्सर दोन किंवा चार एए सेलवर चालतो. "हेवी ड्यूटी" लिहिलेले स्वस्त झिंक-कार्बन सेल शेतात वापरू नका, ते लवकर संपतात आणि गळतात. अल्कलाइन बरे, पण उन्हाळ्यात तेही गळतात. मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो १.५ व्होल्टचा, एकदाच वापरायचा लिथियम एए सेल. तो ६० अंशांपर्यंत चालतो आणि गळत नाही म्हटलं तरी चालेल. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचे असतात. दोन मिळून ३ ऐवजी २.४ भरतात आणि केंद्र पहिल्या दिवसापासून बॅटरी कमी असल्याचं सांगत राहतं. दुकानात एए मापाचाच पण ३.६ व्होल्टचा लिथियम सेलही मिळतो. मापात बसतो म्हणून तो घालू नका, सर्किट जळू शकतं.

सेल बदलताना सगळे एकदम आणि एकाच पाकिटातले टाका. तीन नवे आणि एक जुना घातला तर जुना आधी रिकामा होतो, बाकीचे त्यातून जबरदस्तीने करंट ढकलतात आणि तोच गळतो. गळलेल्या अल्कलाइन सेलचा पांढरा खरपुडा स्प्रिंगवर दिसला तर हातमोजे घालून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. थोडा फेस येईल. मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा. स्प्रिंग हिरवी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा.

सोलरची छोटी पट्टी आणि आत सीआर१२३ए सेल असलेल्या केंद्रांत दिवसा-रात्रीचा भार सुपरकपॅसिटर (पट्टीची वीज साठवणारा छोटा भाग) उचलतो, सेल फक्त आधाराला असतो. एरवी वर्षभर जाणारा सेल महिन्यात संपू लागला तर सेलला दोष देऊ नका. कपॅसिटर थकला आहे किंवा पट्टी मळली आहे. आणि मुख्य बॅटरी काढली की तारीख मागे जाते, असं होत असेल तर डेटा लॉगरमधला नाण्यासारखा सेल, बहुतेक सीआर२०३२, संपलेला आहे. तोही त्याच वेळी बदलून टाका.

बदलताना

पावसाच्या आजच्या एकूण बेरजेचा आकडा आधी डायरीत लिहून घ्या, काही केंद्रं बंद केल्यावर तो शून्यावर आणतात. खांबाला धक्का लागला की पर्जन्यमापकातली डोलणारी वाटी हलते आणि न पडलेला ०.२ मिलिमीटर पाऊस नोंदला जातो, तेव्हा कामाची वेळही लिहा. सोडवताना आधी केंद्राची वायर, मग पॅनेल, शेवटी बॅटरी. जोडताना नेमकं उलट : आधी बॅटरी, मग पॅनेल, मग केंद्र. कंट्रोलर बॅटरी बघून १२ की २४ व्होल्ट ते ठरवतो. पॅनेल आधी जोडलं तर काही कंट्रोलर गोंधळतात, काही जळतात. लाल वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ २-३ अँपिअरचा फ्यूज ठेवा आणि पिनांना पेट्रोलियम जेली लावा.

पेटी उघडलीच आहे तर नीट झटकून घ्या. आपल्याकडे मुंग्या वायरच्या भोकातून आत शिरून थेट सर्किटवर घर करतात, अंड्यांचा पांढरा पुंजका आणि मातीची रेघ टर्मिनलपर्यंत आलेली असते. ओल धरणारी ही माती दोन टर्मिनलांच्या मध्ये बसली की बॅटरी हळूहळू उतरते आणि कारण सापडत नाही. भोकाला केबल ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) लावा. पण लेड-अ‍ॅसिड असेल तर पेटी पूर्ण हवाबंद करू नका, ओव्हरचार्जला हायड्रोजन बाहेर पडतो. तो हलका असतो, म्हणून वरच्या अंगाला, पाऊस आत जाणार नाही असं, बारीक जाळीचं एक भोक ठेवा. पेटी पांढरी रंगवा आणि खांबाच्या उत्तरेला, पॅनेलच्या बरोबर खाली, मध्ये वीतभर अंतर ठेवून बसवा, म्हणजे पॅनेलचीच सावली तिच्यावर पडते. लाइट शेतात आठ तास, तीही कधी रात्रीची, त्यामुळे मेन लाइनच्या चार्जरचा भरवसा धरू नका. सोलरच नीट बसवा.

कधी बदलायची, याला माझं उत्तर मेच्या शेवटच्या आठवड्याचं आहे, मृग निघायच्या आधी. बल्बची परीक्षा तेव्हा घ्या आणि नापास झाली तर तेव्हाच बदला. मार्चमध्ये नवी टाकली तर तिचा पहिलाच उन्हाळा वाया जातो, आणि जुलैमध्ये बदलायला गेलात तर काळ्या रानात चिखलातून खांबापर्यंत जाणंही मुश्कील. द्राक्षवाल्यांनी ऑक्टोबर छाटणीच्या आधी पॅनेल पुसून पहाटेचा व्होल्टेज पुन्हा एकदा बघावा, कारण डाऊनीचा खरा धोका पुढच्या महिना-दीड महिन्यात असतो. फळपीक विम्याची भरपाई मात्र महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, आपल्या बागेतल्या नाही. हे केंद्र फवारणी आणि पाण्याच्या निर्णयासाठी आहे, त्या दृष्टीनेच त्याच्यावर खर्च करा.

जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी बांधावर टाकू नका, शिसं जमिनीत आणि विहिरीत उतरतं. नवी घेताना दुकानदाराला परत द्या, भंगाराचे पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. लिथियम सेल देताना दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, वेगळ्या पिशवीत द्या.